कमानीखालून न जाणारे नाना

खैरनार नानांना बारशाला बोलवायचं नाही, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. एकदा शिपायाच्या मुलीच्या बारशाला ते आले, पाळण्यात डोकावले आणि आईबापाला म्हणाले, "गोड आहे. पण वीस वर्षांनी खर्चाचं काय?" बाळाने भोकाड पसरलं. दोष मी नानांना देत नाही, पण वेळ नेमकी तीच होती.

नाना एका छोट्या नगरपालिकेचे लेखापाल, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. दोघंही नाशिकला सिडकोत राहायचो आणि रोज एसटीने त्या गावी जायचो. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून ओळख ठेवून आहेत. कारंजं असो की बाग, उद्घाटनाचा नारळ फुटला की नाना अध्यक्षांच्या कानाशी लागत, "मोटार जळल्यावर?" मूळचे सटाण्याकडचे. चिडले की अहिराणीवर यायचे, "पण पैसा कोठे शे?"

जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला. अंदाजपत्रक करताना पेन्शनची रक्कम ते सगळ्यात आधी बाजूला काढत. रस्ते नंतर, दिवे नंतर. "झाडूवाल्या बायका म्हाताऱ्या होतात," ते म्हणायचे, "हे कोणाच्या डोक्यातच येत नाही."

मग जकात बंद झाली आणि पालिकेची रोजची आवक आटली. नेमकी त्याच वर्षी सदस्यांना वेशीवर कमान हवी होती. अंदाजपत्रक तर शिलकीच दिसायला हवं. त्यावर आमच्याकडे हुकमी इलाज होता: घरपट्टीची वर्षानुवर्षांची थकबाकी यंदा सगळी वसूल होणार, असं खुशाल जमेला धरायचं. नाना सभेत उभे राहिले.

"अहो, यातले कितीतरी लोक वारलेत. घरंही पडलीत. वसुली कोणाकडून करायची?"

"नाना, तुम्ही फार अशुभ बोलता बुवा," अध्यक्ष म्हणाले. सभागृह खो खो हसलं. कमान मंजूर झाली, पेन्शनचा पैसा तिकडे वळला आणि कागदावर शिल्लक राहिली.

तेव्हापासून नाना कमानीखालून गेले नाहीत. स्टँडवरून गटाराकडेच्या बोळातून वळसा घालायचे, पावसाळ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. लोकांना गंमत वाटायची. मला ते बघवत नसे.

नाना रिटायर झाले, त्यांची खुर्ची माझ्याकडे आली, आणि काही वर्षांत व्हायचं तेच झालं. पेन्शन थकायला लागली. एका महिन्यात तर जेमतेम निम्म्यांना पुरेल एवढाच पैसा आला. मी पहिला चेक नानांचा काढला.

ते आले तेव्हा व्हरांड्यात म्हाताऱ्या झाडूवाल्या बायका सकाळपासून बसलेल्या होत्या. नानांनी चेक पाहिला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"आधी त्यांचं उरक. तुमचं मी काढून ठेवलंय, असं मीच सांगायचो त्यांना."

"नाना, पुढच्या महिन्याचाही भरवसा नाही."

"मला सांगतोस?"

बायकांचे चेक वाटून झाले. नानांना दुवा देत एकेक जण निघून गेली. ऑफिसही रिकामं झालं. नाना बाकावरून हलेनात. मी म्हटलं, "चला, नाशिकची गाडी लागली असेल."

"तू हो पुढे," ते म्हणाले. मग जरा अडखळत, "किंवा थांबतोस का थोडा? ही गेल्यापासून घरी बोलायला कोणी नाही रे."

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसलो.