सात गाड्या, एक अंगण

"छापील कागदावरची चूक माझ्या नजरेतून सुटलीय, असं एकदा तरी दाखवून द्या!" असं ऐकवत मुद्रितशोधकाने गाडीत बायकोशेजारी बैठक मारली होती. तीस वर्षं लोकांचे स्वल्पविराम पकडण्यात गेलेली! तेव्हा जुन्या गाड्यांच्या तीन दिवसांच्या, बाराशे किलोमीटरच्या दौडीत मार्गपुस्तिका वाचायचं काम त्याच्याकडे ओघानेच आलं.

स्टिअरिंग बायकोकडे. ती दातांची डॉक्टर. वडिलांची साठ वर्षांची गाडी तिने चार वर्षं, सुट्टीच्या दिवशी, स्वतः खोलून, घासून, जोडून चालती केली होती. दौडीचा नियम साधा: प्रत्येक चौकीवर वेळेत शिक्का घ्यायचा. एक चुकली की बाद!

दोन दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. तिसऱ्या दुपारी, शेवटची चौकी तासाभरावर असताना, त्याने पान उलटलं. उलटली मात्र दोन.

"पुढे काय?" बायकोने विचारलं.

"पूल."

"कुठला पूल? समोर विटांची भट्टी आहे!"

त्याने पानाचा आकडा पाहिला, मधलं एक सुटलं होतं. आता कबूल कसं करायचं? तेवढ्यात वळणावर एक निळी, गोलमटोल, जुनी गाडी दिसली.

"ती बघ! आपल्यातलीच! तिच्या मागे घे!"

"नक्की ना हो?"

"अगं, डोळे आहेत मला!"

निळी गाडी डावीकडे वळली, हीही वळली. निळीने वेग वाढवला, हिनेही वाढवला. बाजाराचा बोळ, शाळेची भिंत, पाण्याची टाकी... निळी तर बुडाखाली निखारे ठेवल्यासारखी पळत होती!

"चौकी जवळ आली असणार," तो म्हणाला आणि मागे वळून बघितलं. पाठोपाठ पाच जुन्या गाड्या! "बघ, सगळे याच रस्त्याने येतायत!"

निळी एका फाटकातून आत शिरली. ही शिरली. मागच्या पाचही शिरल्या. अंगणात वाळत घातलेल्या चादरी, एक भेदरलेली मांजर आणि सात गाड्या! चौकीचा पत्ता नाही.

निळ्या गाडीतून एक आजोबा थरथरत उतरले.

"तुम्ही पळत का होतात?" मुद्रितशोधकाने विचारलं.

"तुम्ही पाठलाग का करत होतात?"

"म्हणजे... तुम्ही दौडीत नाही?"

"कसली दौड? मी आमच्या हिचा चष्मा दुरुस्त करून घरी आणतोय!"

मागच्या हिरव्या गाडीतला मिशीवाला धावत आला. "अहो, तुम्ही इतक्या ऐटीत वळलात, की आम्ही पुस्तिका मिटूनच ठेवली!"

घड्याळात पावणेचार. चारला चौकी बंद. बायकोचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. तिच्या नखांतलं काळं वंगण त्याला दिसलं. चार वर्षांत ते पुरतं कधी निघालंच नव्हतं.

"चूक माझी," तो म्हणाला. "दोन पानं एकदम उलटली. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"ते भट्टीपाशीच कळलं. दात उपटायला बसल्यासारखा चेहरा झाला होता तुमचा. पण निळी गाडी बघून मीही भुलले."

एवढ्यात चष्मा डोळ्यांवर चढवत आजी बाहेर आल्या. सगळं ऐकून पोट धरधरून हसल्या. "धरणाजवळची चौकी ना? मागच्या फाटकातून कालव्याच्या कडेने दहा मिनिटं! अहो, दाखवा की त्यांना!"

आजोबांना एकदम हुरूप आला. निळी पुढे, सहा मागे. रस्ता कसला, नुसते खड्डे! डॉक्टरीणबाईंचे स्वतःचे दात खुळखुळले. पण चारला दोन मिनिटं कमी असताना चौकी आली, आणि धप्प, धप्प करत सहा शिक्के पडले!

बायकोने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. ती हसतेय की रडतेय, त्याला कळेना. त्याचे स्वतःचे डोळे मात्र भरून आले होते. पोहोचलो एकदाचे!

"सहाही गाड्या एका रांगेत! याला म्हणतात शिस्त!" चौकीवरचे अधिकारी भारावून म्हणाले. "उद्या गावातून मिरवणूक आहे. रस्ता दाखवायला तुम्हीच पुढे राहा!"

"नको!" सगळे एका सुरात ओरडले.

त्यातला सगळ्यांत मोठा आवाज त्याच्या शेजारच्या सीटवरून आला होता.