थेंबमास्तरांनी भांडी घासली

त्या संध्याकाळी थेंबमास्तरांनी भांडी घासायचं ठरवलं आणि तिथेच सगळा घोळ झाला.

थेंबमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते तेलातलं पाणी मोजत, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल कोरडं लागतं. दहा लाख थेंबांत पाण्याचे वीस थेंब चालतात. त्याहून जास्त झाले की ट्रान्सफॉर्मर बंद, कारखाना बंद आणि सगळ्यांच्या रजा रद्द. (घरी मात्र मास्तर ओला टॉवेल रोज गादीवर टाकत. तिथलं पाणी कोणी मोजत नसे.)

परवा घरातले सगळे समुद्रावर जाणार होते, चार वर्षांत पहिल्यांदाच. त्या आनंदात मास्तर बायकोला म्हणाले, "तू बस. आज भांडी माझ्याकडे."

"बरं आहे ना तुम्हाला?" बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मास्तरांनी बाह्या सरसावल्या. आधी तळणीची कढई, मग त्याच घासणीने पेले आणि मग ओट्यावर जे जे हाताला लागेल ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरून परस्पर ट्रान्सफॉर्मरकडे गेले. काचेच्या सिरिंजमध्ये तेल घेतलं, प्रयोगशाळेत येऊन यंत्रात सोडलं. आकडा आला अडुसष्ट! मास्तरांनी पुन्हा सोडलं. एकाहत्तर.

साहेब धावत आले. "मास्तर, उद्यापासून तुमची रजा आहे ना?"

"हो साहेब."

"होती म्हणा."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे लेकीची पोहायची टोपी आली. आठ दिवस ती टोपी घालूनच अभ्यासाला बसत होती. आता तिला सांगायचं काय? तेवढ्यात त्यांची नजर सिरिंजवर गेली. ही तर चार तास भट्टीत सुकवून, सकाळी परस्पर जाता यावं म्हणून काल डब्याबरोबर घरी नेलेली! त्यांनी तावातावाने घरी फोन लावला.

"अगं, माझी सिरिंज धुतलीस की काय? तिला पाणी लागता कामा नये, किती वेळा सांगितलं!"

"मी कशाला धुऊ? सकाळी पेल्यांशेजारी पालथी होती, चकचकीत. मी नुसती पिशवीत ठेवली. काल भांडी कोणी घासली?"

मास्तरांनी फोन हळूच कानापासून लांब धरला.

"हॅलो? अहो?"

मास्तरांनी कपाटातली सुकवलेली सिरिंज उचलली आणि धावत जाऊन ट्रान्सफॉर्मरमधून पुन्हा तेल आणलं. आकडा चढू लागला. पाच... सात... नऊवर थांबला. मास्तर स्टुलावर मटकन बसले आणि वेड्यासारखे हसत सुटले.

"जा समुद्रावर," साहेबांनीही सुस्कारा सोडला. "पण आधी वहीत कारण लिहा."

मास्तरांनी मान खाली घालून लिहिलं : 'तपासनीसाने घरी भांडी घासली.'

संध्याकाळी ते ऐटीत घरात शिरले. "फक्त नऊ! तेल अगदी कोरडंठाक. उद्या निघायचं!" लेक टोपीसकट उड्या मारू लागली.

बायकोने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला. पाण्यावर कढईतल्या तेलाचा तवंग तरंगत होता.

"तेलातलं पाणी मोजून झालं ना? आता हे पाण्यातलं तेल मोजा," ती म्हणाली. "नऊच्या वर नक्की भरेल."