पैलवानाच्या कमरेची देखरेख

दुखणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं, पण ते सिद्ध करण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. ते लाभावं म्हणून कामगार भरपाई कार्यालय काढलेलं आहे. (तिसरा मजला, जिन्याने. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी तळमजल्यावर चौकशीची खिडकी आहे. तिथे 'वर विचारा' असं सांगतात.)

पैलवान लोखंडी कपाटांच्या कारखान्यात होता. दोघांनी उचलायचं कपाट तो एकटा उचलायचा, म्हणून मॅनेजरने कौतुकाने त्याचं नाव पैलवान ठेवलं आणि दुसऱ्या माणसाला कामावरून कमी केलं. एके दिवशी ट्रकवर चढवताना कपाट घसरलं, ते पैलवानाला घेऊनच खाली आलं. मॅनेजर धावत आले. कपाटाच्या दाराला पोचा पडला होता. तो बघून त्यांचा जीव तुटला. कपाट बाजूला केल्यावर खाली पैलवान सापडला.

मणक्यातली गादी सरकली होती. गादी सरकली की भल्याभल्यांची झोप उडते, पैलवान तर साधा कामगार. त्याने भरपाईसाठी अर्ज केला. कार्यालयाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला.

"कुठं दुखतं?"

"कमरेत, साहेब."

"कंबर दिसतेय. दुखणं दाखव."

पैलवानाला ते दाखवता आलं नाही. तेव्हा नियमाप्रमाणे त्याच्यावर एक निरीक्षक नेमण्यात आला. नियम सोपा होता: अर्जदार भरलेल्या बादलीहून जड वस्तू उचलताना दिसला, की तो धडधाकट. तोवर भत्ता थांबलेला.

निरीक्षक सज्जन गृहस्थ होते. जाड भिंगाचा चष्मा, पायात पॉलिश केलेले बूट, आणि आयुष्यभर माणसं दुरूनच बघितलेली. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर ते वर्तमानपत्र धरून बसू लागले. देखरेख गुप्त होती. म्हणजे पैलवानाला, त्याच्या बायकोला आणि गल्लीतल्या कुत्र्यांनाही ती ठाऊक होती. फक्त ती ठाऊक आहे हे कार्यालयाला ठाऊक नव्हतं.

पैलवानाची बायको शेवटी खिडकीतून म्हणाली, "साहेब, उन्हात बसून बघता ते सावलीत बसून बघा की. माणूस तोच दिसेल."

देखरेखीचा दर्जा सुधारेल या विचाराने निरीक्षक पैलवानाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येऊन बसले. पहिल्या चहाला ते 'साहेब' होते, पुढे 'दादा' झाले, आणि महिना संपायच्या आत 'भाऊजी'. पैलवानाची लेक चिमी मात्र त्यांना सरळ 'बघणारे काका' म्हणायची.

अडचण एवढीच होती की दुखणं फार बेशिस्त असतं. कधी सकाळी ते कमी असायचं आणि पैलवान चुकून ताठ चालायचा. मग बायको दबक्या आवाजात म्हणायची, "अहो, वाका जरा! भाऊजी येतील इतक्यात." दुपारी खरी कळ आली की निरीक्षक जेवायला गेलेले असायचे. तेव्हा पैलवानाला वाटायचं, ही वाया गेली. आपलं दुखणं आपण ठरल्या वेळी नीट दुखवू शकत नाही, याची त्या माणसाला मनापासून लाज वाटू लागली होती.

चिमीला यातलं काही कळत नव्हतं. ती रोज हात वर करून उभी राहायची.

"बाबा, उचल ना."

"उद्या, बाळा."

एका संध्याकाळी ती जिन्यात पडली आणि गुडघा फोडून घेऊन रडत वर आली. हात वर केले, पण या वेळी बोलली नाही. (चिमी भरलेल्या बादलीहून जड आहे. नियमात मुलांना सूट नाही.) पैलवानाने निरीक्षकांकडे एकदा पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि तिला उचललं. कपाळावर घाम फुटला. नेमकं तेव्हाच निरीक्षकांना आपला चष्मा फार मळलाय असं वाटलं. त्यांनी तो काढला आणि चिमी खाली उतरेपर्यंत पुसत राहिले. 'सायंकाळी दृश्यमानता कमी होती,' असं त्यांनी वर कळवलं. बायकोने चहात साखर जरा जास्त घातली. नंतरचे दोन दिवस पैलवानाला कुशीवर वळता आलं नाही.

मग गॅसचा सिलिंडर आला. आणणारा तो जिन्याखाली ठेवून पसार झाला. बायको पदर खोचून निघाली, तसा पैलवान भिंतीला धरून उठला.

"थांबा!" निरीक्षक ओरडले. "तुम्ही उचललात तर मला लिहावं लागेल. वहिनी, तुम्हीही थांबा."

"अहो भाऊजी, तुमचं हे काम नव्हे!"

"मग काय नुसतं बघत बसू?" असं म्हणून त्यांनी सिलिंडर खांद्यावर घेतला. उभ्या नोकरीत त्यांनी बघण्याखेरीज केलेलं हे पहिलंच काम. दुसऱ्या वळणावर त्यांची गादी सरकली.

कार्यालयाने प्रकरण सहानुभूतीने हाताळलं. निरीक्षकांची नेमणूक बघण्यासाठी होती, उचलण्यासाठी नव्हती. तेव्हा हा अपघात कामावरचा की हौसेचा, आणि मुळात दुखतंय का, हे ठरेपर्यंत त्यांच्यावर देखरेख आवश्यक ठरली. पण देखरेख करायला माणूस शिल्लक नव्हता. दुसऱ्या एका नियमात जायबंदी कामगाराला बैठं, हलकं काम देण्याची तरतूद होती. ती आजवर कोणी वापरली नव्हती. आता ती वापरण्यात आली आणि भत्त्याऐवजी पैलवानाला नोकरी मिळाली.

पहिल्या दिवशी पैलवान कमरेवर हात ठेवून निरीक्षकांच्या खोलीत शिरला. निरीक्षक पाठीवर पडून होते. एकट्या माणसाचं घर. उशाशी ठेवलेलं पाणीही त्यांच्या हाताला येत नव्हतं. पैलवानाने ते आधी त्यांना पाजलं.

"पैलवान, खरंच दुखतंय हो," निरीक्षक म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अहो, मला काय सांगता, भाऊजी."

त्याने वर कळवलं: 'दुखतं.' कार्यालयाने ते परत पाठवलं. निरीक्षकाने स्वानुभव मिसळू नये, असा शेरा होता. तेव्हा निरीक्षकांनी पडल्या पडल्या स्वतः मजकूर सांगितला: 'सदर इसमाच्या हालचालींचे अवलोकन केले असता, वेदनासदृश स्थितीची शक्यता नाकारता येत नाही.' पैलवानाने तो सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. निरीक्षकांचा भत्ता आठवड्यात मंजूर झाला. अहवाल इतका नमुनेदार ठरला, की देखरेख पुढेही चालू ठेवण्यात आली.

हल्ली पैलवान निरीक्षकांकडेच दिवसभर बसतो, बसवेनासं झालं की शेजारी आडवा होतो. दोघं एकमेकांना कुशीवर वळायला मदत करतात. कार्यालयाच्या दृष्टीने पैलवान आता रोज कामावर जातो, म्हणजेच पूर्ण बरा आहे. फक्त ते अजून कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

वाचकहो, हे वाचताना मध्येच कुठेतरी 'पण याला खरंच एवढं दुखत होतं का?' असं तुमच्याही मनात येऊन गेलं असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कार्यालयात पैलवानावर देखरेखीसाठी एक जागा भरायची आहे, आणि पात्रता म्हणून तेवढंच लागतं.