चौदा नंबरची ओळ

"सोमवारपर्यंत पाळणाघर मिळालं नाही, तर माझ्या जागी दुसरी नर्स घेणार आहेत," बायको म्हणाली. बोलता बोलता ती एका जुळ्याच्या तोंडातून दुसऱ्याचा मोजा ओढून काढत होती.

नवरा पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटरच म्हणत. तो मान डोलावून नगर कार्यालयात गेला. आठवड्यातली ही चौथी फेरी. पहिल्या खिडकीने तिसरीकडे धाडलं, तिसरीने जिन्यावर, जिन्यावरच्या साहेबांनी परत पहिलीकडे. लहान मुलं असलेल्या घरांना मदत मिळते, हे प्रत्येकाने ऐकलं होतं. कुठे, हे कुणीच ऐकलं नव्हतं.

शेवटी पाण्याचा नळ शोधत तो मागच्या बोळात शिरला. तिथे चौदा नंबरच्या खोलीत एक बाई स्वेटर विणत बसल्या होत्या.

"मुलांसाठी मदत कुठे मिळते हो?"

बाईंच्या हातून सुई गळाली. "तुम्ही खरंच त्यासाठी आलात?"

"म्हणजे इथेच?"

"पाळणाघराच्या वीस जागा आहेत. दोन महिने झाले, एक अर्ज नाही. आज शेवटचा दिवस. चार वाजता मी 'या भागात गरजू कुटुंब नाही' असं लिहून पाठवणार होते."

पेंटर मटकन स्टुलावर बसला. "अहो, पण लोकांना कळणार कसं?"

"दारावर एवढी मोठी पाटी आहे की."

"त्यावर खोली कुठे लिहिलीय?"

"असणारच. मी मागच्या दाराने येते."

पेंटर पुढच्या दाराशी गेला, वर बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अक्षरं त्याची. कोपऱ्यातली सही त्याची. बारा वर्षं त्याने अक्षरांची वळणं पाहिली होती, मजकूर वाचायच्या भानगडीत कधी पडला नव्हता. आज वाचला. पाळणाघर होतं, दूध होतं, औषधं होती. खोली आणि तारखेची शेवटची ओळ तेवढी नव्हती. पाटीत गर्दी दिसते म्हणून त्याने ती गाळून तिथे वेलबुट्टी काढली होती. वेलबुट्टी मात्र सुरेख होती.

तो बाईंकडे परतला. त्यांनी मुलांचे जन्मदाखले मागितले. दाखले घरी. त्याने बायकोला फोन केला, "दाखले घेऊन लगेच ये, मी दारातच आहे."

ती येईपर्यंत अर्धा तास होता. एवढ्यात पाप फेडून होईल, असा त्याने हिशेब केला. पहारेकऱ्याची शिडी मागून घेतली, गाडीवरचे डबे काढले. खोलीचा आकडा झाला, बाण झाला, तारीख झाली. तारखेतल्या एकच्या आकड्याची मान जरा वाकडी वाटली, म्हणून ती पुसून पुन्हा काढली.

खाली उतरून तो बोळात गेला, तर तिथे रांग लागली होती. त्याने मोजली. सत्तावीस माणसं, कडेवरची पोरं वेगळी.

"मीच पहिला होतो," तो पुढच्या माणसाला म्हणाला.

"सगळे तेच म्हणतात. मागे व्हा."

अठ्ठाविसावा होऊन तो उभा राहिला. जागा वीस. बायकोचा पत्ता नाही. सोमवारी तिला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्याच्या हातातला ब्रश पँटवर टेकला.

तेवढ्यात चौदा नंबरचं दार उघडलं आणि दोन्ही काखांत दोन पोरं घेऊन बायको बाहेर आली. तिच्या दातांत पावती होती.

"तू... आत कशी?"

तिने एक पोर त्याच्या रंगलेल्या हातात दिलं आणि पावती काढून घडी घातली. "तुम्ही दारात दिसला नाहीत. शिडीवर कुणीतरी पाठमोरं होतं, ते बाण काढत होतं. बाणाच्या दिशेने गेले. दोन्ही जागा मिळाल्या."

पेंटरने ब्रश खिशात खोचला आणि पोराला कडेवर घेतलं.

"चार दिवस कुठे फिरत होतात हो?" ती म्हणाली. "हातभर अक्षरांत लिहिलंय बाहेर. जरा वाचत जा."