सामानापाशी बसणारं माणूस

कोणत्याही संस्कृतीची उंची तिने मागे ठेवलेल्या दगडांवरून कळते आणि कोणत्याही कुटुंबाची शिस्त त्याने सामानापाशी कोणाला बसवलं यावरून. पहिल्या बाबतीत रोमन लोक पुढे असतील. दुसऱ्या बाबतीत गजभिये कुटुंबाचा हात धरणारं कोणी नाही, असं राजानंद गजभिये यांचं प्रामाणिक मत होतं. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांची मतं सहसा प्रामाणिकच असत.

२००७च्या जूनमध्ये ते पत्नी गयाबाईंसह जर्मनीत कायझर्सलाउटर्नला मुलाकडे आले. मुलगा यशपाल तिथे संशोधक, सून प्राची, आणि नऊ वर्षांचा नातू संघर्ष, ज्याला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. एका शनिवारी पाच जणांचं मिळून एकच तिकीट काढून (अशी सोय त्या देशात आहे) सगळे ट्रियरला रोमन अवशेष पाहायला निघाले.

गयाबाईंचं एक काम होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं इतिहास शिकवताना त्या दरवर्षी फळ्यावर रोमन न्हाणीघर काढत. खाली भट्टी, वर तापलेली फरशी. आणि दरवर्षी कोणीतरी पोरगं विचारायचंच, ‘बाई, मग धूर कुठून जायचा?’ बाई म्हणायच्या, ‘पाहून सांगते.’ ते आता पाहायचं होतं. गाडीत त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. सगळे ‘हो का?’ म्हणाले.

सामान पुढीलप्रमाणे: पोळ्यांचा डबा, बटाट्याच्या भाजीचा डबा, चिवडा, पाण्याच्या पाच बाटल्या, संघर्षचं जॅकेट, छत्र्या तीन (हवामान खात्याने कडक ऊन सांगितलं होतं) आणि लागलीच तर असावी म्हणून एक रिकामी पिशवी.

“आल्झो, म्हणजे असं की, स्टेशनवर लॉकर आहेत, बाबा,” यशपाल म्हणाला.

“आई असताना लॉकर कशाला?” राजानंद म्हणाले, आणि विषय मिटला.

या पदासाठी अर्ज मागवत नाहीत. कोणीतरी ‘सामानाचं काय?’ म्हणतं आणि सगळे एकाच दिशेला बघतात. गयाबाईंची या पदावरची सलग सेवा चौतीस वर्षांची. या काळात चोरीचं प्रमाण शून्य टक्के. अजिंठ्याला त्यांनी तिकीटखिडकीसमोरच्या झाडाखाली पाच तास काढले होते आणि एक चप्पलसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. (झाड चांगलं होतं, असं त्या अजून सांगतात.)

ट्रियरला वेशीपाशी त्या पन्नास मिनिटं बसल्या. नाट्यगृहापाशी एक तास दहा मिनिटं. शेवटी न्हाणीघरं आली, तेव्हा चार वाजले होते. “आई, आम्ही पटकन बघून येतो, मग तुम्ही,” असं प्राची म्हणाली आणि चौघं आत गेले. पटकन म्हणजे एक तास पाच मिनिटं.

बाहेर आल्यावर गयाबाईंनी प्रत्येकाला विचारलं, “धूर कुठून जायचा, दिसलं का?”

यशपालने एकशे चौदा फोटो काढले होते; त्यांतल्या एकात कदाचित असेल, म्हणाला. प्राचीने स्वच्छतागृह फार छान असल्याचं सांगितलं. “नूर श्टाइनं,” संघर्ष म्हणाला, म्हणजे नुसते दगड. राजानंदनी सविस्तर अहवाल दिला. “छप्परसुद्धा राहिलेलं नाही. देखभाल-दुरुस्ती शून्य. आमच्या खात्याने पूर्णत्वाचा दाखलाच दिला नसता. आणि धूर कसला? थंडगार आहे आत. काही बघण्यासारखं नाही गं. चला, पाच पन्नासची गाडी आहे.”

गयाबाई उठल्या. चिवड्याची पिशवी त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली.

“अहो, बसा इथे. मी पाहून येते.”

आणि तिकीट काढून त्या आत गेल्या. रीतसर कार्यभार सोपवणं नाही, पूर्वसूचना नाही.

अनुभवी मनुष्यबळ नसल्यामुळे एका बाईच्या कामावर चार माणसं लावावी लागली. राजानंद दगडावर बसले. दगड टोचत होता. दहा मिनिटं एवढी लांब असतात हे त्यांना माहीत नव्हतं. जाणारे-येणारे आपल्याकडेच बघतायत असं वाटत होतं. एका म्हाताऱ्या जर्मन बाईने सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. त्यांनी “गेनाऊ”, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणून वेळ मारून नेली. उठून आत डोकावावं, तर सामान. त्यांना राग आला. रागानंतर लाज वाटायची वेळ आली होती, पण तेवढ्यात पाच चाळीस झाले आणि गाडीची काळजी सुरू झाली.

गाडी गेली. सहाला दार बंद होताना गयाबाई बाहेर आल्या. साडीला माती लागली होती, श्वास लागला होता, आणि चेहरा असा की कोणाही शहाण्या माणसाने पहिला प्रश्न तोच विचारला असता.

“गाडी गेली, माहितीये ना?” राजानंद म्हणाले.

“आई, गुडघा दुखला असेल ना?” प्राचीने विचारलं.

“कॅमेरा का नाही नेलास?”

“वो वार्स्ट दू?” नातवाने विचारलं. कुठे होतीस?

चारही प्रश्नांची त्यांनी नीट उत्तरं दिली. मग जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणखी एखादा प्रश्न येईल म्हणून. तो आला.

“पोळ्या उरल्यात का?” राजानंदनी विचारलं.

त्यांनी डबा उघडला.

पुढची गाडी मिळाली, सगळे सुखरूप घरी पोहोचले आणि एकही छत्री हरवली नाही. धूर नेमका कुठून जायचा, हा तपशील प्रस्तुत लेखकाकडे नाही. तो गाड्यांचं वेळापत्रक पाहत होता. वाचकांनी तो आपापल्या घरच्या सामानापाशी बसणाऱ्या बाईंना विचारून घ्यावा. (त्या कोणत्या सहलीत आत गेल्या होत्या, तेवढं आधी आठवावं लागेल.)