साप म्हणजे कोणता?

आमच्या सोसायटीत "साप! साप!" असं ओरडायची सोय नाही. ओरडलात, की तळमजल्यावरच्या लिमयेकाकू खिडकी उघडून विचारतात, "साप म्हणजे कोणता? घरी पाहुणे आले तर 'माणूस! माणूस!' म्हणून ओरडता का?"

पहिल्यांदा मी सापडलो तो त्यांच्याच खिडकीखालच्या बागेत. पायाजवळून काहीतरी सळसळलं आणि मी थेट बाकावर उभा राहिलो. काकू चष्मा पुसत बाहेर आल्या.

"नानेटी आहे ती. पाठीवर दोन पिवळे पट्टे दिसतात ना? विष नाही, चावायची हौस नाही. बेडूक खाते आणि गप्प राहते. सोसायटीत असं दुसरं कोण आहे?" मग नानेटीला म्हणाल्या, "आपण निघा, बाई. हे घाबरलेत."

सापाला 'आपण' आणि मला नुसतं 'कुलकर्णी'!

तेव्हापासून माझ्यामागे शुक्लकाष्ठच लागलं. मॅच ऐन रंगात आली, की फोन. "कुलकर्णी, नानेटी आलीय. या." धावत जावं तर म्हणणार, "आत्ताच गेली. बसा, चहा होतोच आहे." मग तासभर धामण, दिवड, कवड्या. बिनविषारी कवड्याला लोक मण्यार समजून कसे मारतात, यावर मी आता झोपेत व्याख्यान देईन. नानेटी मात्र पुन्हा कधी दिसली नाही.

परवा परत फोन आला. चपला घालताना मी करवादलो, "ही नानेटी मला बघूनच पळते की काय?"

बायको म्हणाली, "अहो, बाग काढून फरशी घातली त्याला वर्ष झालं. तुमचीच स्कूटर लागते तिथे. नानेटी कुठून येणार?"

मी एक चप्पल घालून तसाच उभा राहिलो. साप निघाला म्हटल्याशिवाय काकूंच्या दाराशी कोणी फिरकत नाही, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी दोन कप चहा प्यायलो.

रविवारी मीच फोन केला. "काकू, आमच्या बाल्कनीत साप!"

"कोणता?"

"ते कळत नाही म्हणून तर फोन केला. या ना वर."

कठडा धरत, हळूहळू जिना चढून काकू आल्या. बाल्कनीच्या कोपऱ्यात झाडांना पाणी घालायचा पाइप पडला होता. हिरवा, पिवळ्या पट्ट्यांचा. काकूंनी चष्मा पुसला, वाकून बराच वेळ पाहिलं. मग एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नानेटीच," त्या म्हणाल्या. "निजू द्या तिला."

आणि खुर्ची ओढून बसत म्हणाल्या, "आपण चहा टाका, कुलकर्णी. साखर बेताची."