परवान्यावरचा दात

तुम्ही कधी स्वतःचा दात सरकारला दाखवायला नेला आहे का? तोंडातून नव्हे. तोंडातून तर सगळेच नेतात. हातरुमालाच्या गाठीत बांधून?

मी नेला आहे. आणि तोही परक्या राज्याच्या सरकारला. (परकं म्हणजे माझ्या घरापासून सोळा कोसांवरचं.)

आम्ही वाशीमचे, म्हणजे वऱ्हाडातले, आणि आमची विजया दिली हिंगोलीला. दिली तेव्हा वाटेत कुठे सरहद्द लागते याचा कुणी विचारही केला नव्हता. इकडची ज्वारी तशीच तिकडची ज्वारी, आणि मानपानावरून इकडे जशी भांडणं होतात तशीच तिकडेही. पण सत्तेचाळीस साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला, निजाम सरकारनं वेगळं राहायचं ठरवलं, आणि अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यापर्यंत दोघांचं इतकं बिनसलं की लेकीकडे जायला मला परवाना काढावा लागला. पाहुणी म्हणून तीस दिवस. पुढे राहायचं तर मुदत संपण्याआधी कचेरीत जाऊन वाढवून घ्यायची.

विजयाचे दिवस भरत आले होते. खरं तर बाळंतपणाला तिनं वाशीमला यायचं. पण रस्त्यावर तपासण्या, गाड्यांचा भरवसा नाही, आणि गेल्या साली तिचं पहिलं लेकरू राहिलं नव्हतं. त्याबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही. या वेळी पत्रात मात्र एकच ओळ लिहिली, 'आई, या खेपेला तू जवळ हवीस.' मग मी रीत बघितली नाही. ट्रंक भरली.

निघताना आमच्या यजमानांनी एकच सूचना केली. "नाक्यावर उगाच हसू नकोस. तुला सवय आहे."

सवय आहे खरी. माझा वरचा पुढचा एक दात लहानपणापासून शेजारच्या दातावर चढून बसलेला. गंभीर असले की तो ओठाआड असतो. हसले की सगळ्यांच्या आधी तोच पुढे येतो. नाक्यावर एक जाडजूड हवालदार टेबलाशी बसले होते. मी म्हटलं, माणूस आपलं काम करतो आहे, दोन गोड शब्द बोलावेत, आणि हसले. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा निरखून पाहिलं आणि परवान्यावर उर्दूत बरंच काही लिहिलं. मी इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेली. मराठी वाचते, इंग्रजी वाचते. उर्दू मात्र मला शिवणाच्या टाक्यांसारखी दिसते.

हिंगोलीला पोचल्यावर मी परवाना जावयांच्या हाती दिला. माणिकराव शाळेत मास्तर, उर्दू उत्तम. पण सासूपुढे त्यांची मान लग्नात जी खाली गेली, ती तीन वर्षांत वर आली नव्हती. माझ्याशी बोलायचं तर ते माझ्या पायातल्या जोडव्यांशी बोलत.

"काय लिहिलंय हो यात?" मी विचारलं.

त्यांनी वाचलं. कान लाल झाले.

"सगळं बराबर आहे," ते जोडव्यांना म्हणाले.

मी निश्चिंत झाले.

विहीणबाईंचं आणि माझं कसं जमणार ही खरी धास्ती होती. नर्मदाबाई बोलायला फटकळ. व्याही जवळा बाजार या गावी दुकानात अडकून पडलेले, त्यामुळे घरात राज्य यांचंच. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "या. वाशीमची साखर गोड असते म्हणे, तोंडात ठेवून बोलत जा." मी हसले. "हं, हाच तो दात," त्या म्हणाल्या, "लग्नापासून लक्षात आहे माझ्या."

पंचवीस दिवस बरे गेले. सव्विसाव्या दिवशी तोच दात ठणकायला लागला. लवंग झाली, हळद झाली, कोमट मीठपाणी झालं. मी मनाशी म्हटलं, आज ना उद्या विजयाला कळा सुरू होतील. बाळंतिणीजवळ गाल धरून बसलेली आई काय उपयोगाची? काढूनच टाकावा.

एवढा लहानसा निर्णय. पण माणिकराव दारात येऊन उभे राहिले.

"थोडं थांबलं तर?"

"काहून थांबायचं?" विहीणबाईंनी विचारलं. "रात्रभर तळमळून राहिल्या त्या."

"नाही, म्हणजे... दात चांगला आहे."

"माणिकराव, ठणका मला लागलाय," मी म्हटलं.

"हो. पण... सगळ्यांच्या ओळखीचा आहे." आणि ते घाईनं शाळेत निघून गेले. मला वाटलं, किती हळवे जावई मिळाले!

देवला म्हणून एक दात काढणारा होता, त्याला घरीच बोलावलं. त्यानं मला ओट्यावर बसवलं, डोकं काखेत धरलं, चिमटा घातला आणि एका हिसक्यात दात बाहेर काढून माझ्यापुढे धरला. सरळ, पांढरा, निरोगी दात!

मी तोंडावर हात धरून मान हलवली.

"ह्यो न्हवं व्हय?" देवला शांतपणे म्हणाला. "त्याच्या बुडाखालचा निघाला जणू. बसा बाई, आमी त्योबी काढतो. दुसऱ्याचं काई घेत न्हाई."

असे माझे दोन दात गेले. सरळ दात देवलाच्या चिमट्यातून उडून मोरीत गेला. चढलेला विहीणबाईंनी उचलला, शेणाच्या गोळ्यात घातला आणि माळवदावर भिरकावला. त्या भागात घरांना कौलं कमी. वरती मातीचं सपाट माळवद असतं.

"जुना घे, नवा दे, असं म्हणायचं असतं उंदराला," त्या म्हणाल्या.

"अहो, पंचेचाळिसाव्या वर्षी कुठला नवा?" मी बोबड्या तोंडानं म्हटलं.

"मागायला काय जातं?"

शुक्रवारी कचेरीला सुट्टी. शनिवारी मी, माझे सुजलेले ओठ आणि माणिकराव असे मुदत वाढवायला गेलो. रविवारी मुदत संपत होती. तिथले मुन्शीसाहेब म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, खलबत्त्यात पान कुटून खाणारे. त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता. मला धीर आला. त्यांनी परवाना डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्यानं वाचला.

"उमर पैंतालीस. रंग गेहुंवा. खास निशानी... सामने का ऊपरवाला दाँत दूसरे दाँत पे चढ़ा हुआ, हँसते वक्त साफ नजर आता."

मी माणिकरावांकडे पाहिलं. माणिकरावांनी जोडव्यांकडे पाहिलं.

"हँसो, बाई," मुन्शीसाहेब म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मला हसू येत नव्हतं. तरी हसले. मुन्शीसाहेबांनी कंदिलाची काच पुसावी तसा चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"ये बाई वो बाई नहीं है. दाँत लाओ. नहीं तो कल शाम से पहले नाके के उस पार."

वाटेत मी एकच विचारलं, "माणिकराव, तुम्ही वाचलं होतं ना?"

"आपल्या सासूबाईंच्या दाताबद्दल... मी कसं बोलणार?" ते म्हणाले. आवाज इतका पडलेला की मला रागवताच येईना.

घरी विजयानं सगळं ऐकलं. भिंतीला टेकून बसली होती. तिनं फक्त माझ्या पदराचं टोक हातात घेतलं आणि धरून ठेवलं, लहानपणी बाजारात धरायची तसं. नर्मदाबाईंनी ते पाहिलं. चुलीवरचं भांडं खाली उतरवलं आणि म्हणाल्या, "माणिक, शिडी आण."

तीन दिवसांच्या पावसानं शेणाचा गोळा केव्हाच विरघळला होता. माणिकराव माळवदावर गवतात ओणवे, विहीणबाई शिडी धरून, मी अंगणात मान वर करून. तेवढ्यात गस्तीचा शिपाई रूपसिंग रस्त्यावरून ओरडला, "छत पे कौन है? उधर क्या इशारे कर रहे हो?"

दिवसच तसे होते. वाशीमच्या दिशेला तोंड करून गच्चीवर उभा असलेला माणूस म्हणजे हेरच. माणिकराव घाबरून उभे राहिले.

"दाँत ढूँढ रहा हूँ."

"किसका?"

"सास का."

रूपसिंगनं रोखलेली बंदूक खाली घेतली. मग म्हणाला, "नसीबवाले हो भाई. मेरी सास के तो पूरे बत्तीस हैं." बंदूक भिंतीला टेकवून तोही वर चढला.

तासाभरात पाच दात सापडले. ते ताटात घालून खाली आले, तशी विहीणबाईंनी नीट निवड केली. "हा दुधाचा, माणिकचा. हाही त्याचाच. हा आमच्या ह्यांचा, तंबाखूनं काळा पडलाय बघा. हा माझा, माणिकच्या बाळंतपणातला." त्यांनी तो क्षणभर तळहातावर ठेवला. शेवटचा उरला तो मुळाशी वाकडा. सगळ्यांनी माझ्या तोंडात पाहिलं, दाताकडे पाहिलं, आणि रूपसिंगसुद्धा म्हणाला, "यही है."

रविवारी दात रुमालात बांधून आम्ही पुन्हा कचेरीत. या वेळी विहीणबाईही आल्या. मुन्शीसाहेबांनी दात उजेडाकडे धरला, परवान्याशी पडताळला.

"निशानी बराबर है," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "दाँत की मुद्दत बढ़ा देता हूँ. मगर ये बाई कौन है?"

"दात माझाच आहे हो!"

"सब यही बोलेंगे. गवाह है कोई?" त्यांनी माणिकरावांना विचारलं, "मास्टर, तुम ने अपनी सास के मुँह में ये दाँत देखा है?"

एवढं 'हो' म्हटलं की झालं. पण माणिकरावांची मान खाली गेली, आणि जन्मभराचे संस्कार एकदम बोलले.

"जी नहीं. मैं ने कभी नजर उठाकर नहीं देखा."

मी मटकन बाकावर बसले. डोळ्यांपुढे नाका दिसायला लागला, आणि पदराचं ते टोक. तेवढ्यात विहीणबाई पदर सावरून टेबलाशी गेल्या.

"मी पाहिलाय," त्या म्हणाल्या. "पोराच्या लग्नात हिनं हाच दात दाखवून मला ऐकवलं होतं, की तुमच्या माणसांना पंगतीत बसायची रीत माहीत नाही. तीन वर्षं झाली. रोज रात्री डोळे मिटले की हा दात दिसतो मला. मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार?"

मुन्शीसाहेबांनी पान कुटायचं थांबवलं.

"ये आप की कौन लगती हैं?"

"विहीण. समधन."

"और समधन के हक में गवाही दे रही हैं?" म्हाताऱ्याचं बोळकं पसरलं. "फिर तो झूठ हो ही नहीं सकती." त्यांनी शिक्का उचलला. तीस दिवस! जुनी निशाणी खोडून नवी लिहिली. माणिकरावांनी ती मी न विचारताच मला वाचून दाखवली, या वेळी चक्क माझ्या तोंडाकडे पाहून: 'वरचे पुढचे दोन दात नाहीत.'

"बाई, मुद्दत तक नए दाँत मत बिठाना," मुन्शीसाहेबांनी बजावलं.

बाहेर आल्यावर मी विहीणबाईंचा हात धरला. "पंगतीचं मी बोलायला नको होतं हो."

"चला लवकर," त्या म्हणाल्या. "पोरगी एकटी आहे."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, हिंदुस्थानची फौज निजामाच्या मुलखात शिरली, आणि त्या आठवड्यात ती सरहद्दच उरली नाही; एवढ्या खटपटीचा माझा परवाना पुढे कुणी पाहायलाही मागितला नाही. त्याच सकाळी विजयाला मुलगी झाली, धडधाकट. ती पहिल्यांदा तोंड उघडून रडली तेव्हा विहीणबाईंनी वाकून पाहिलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, "बराबर आजीवर गेली. परवान्यात लिहिलेली निशाणी जशीच्या तशी आहे."